तो 'हमिंगबर्ड' तुमच्या अनंताच्या पानांवर वाढतो

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात वाचकांच्या पानावर आपण एक छायाचित्र छापलंत. पेंटासच्या गुलाबी फुलांसमोर अधांतरी थांबलेला, हिरवट पाठीचा, पोटावर तांबडा पट्टा असलेला छोटासा जीव आणि खाली ओळ: 'कोकणातल्या परसबागेत हमिंगबर्डचं दर्शन'. छायाचित्र फार सुरेख आहे. पंखांची एवढी धांदल चालू असताना त्याचा डोळा आणि पोटावरचा पट्टा इतका स्पष्ट टिपायचा म्हणजे हात स्थिर लागतो आणि धीरही लागतो. त्या वाचकाचं मनापासून कौतुक. पण ओळ दुरुस्त व्हायला हवी. तो पक्षी नाही. हॉक मॉथ कुळातला, भरदिवसा उडणारा पतंग आहे तो. शास्त्रीय नाव सेफोनोडिस हायलस. त्याची ओळख नीट पटली तरच तो आपल्या बागेत टिकेल अशी माझी खात्री झाली आहे, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहिते आहे. जागेच्या मानाने लांबलं तर कात्री लावा, पण अळीबद्दलचा मजकूर तेवढा ठेवा अशी विनंती.

कुडाळ तालुक्यात आमची रोपवाटिका आहे. सासऱ्यांच्या काळात फक्त हापूसची आणि काजूची कलमं होती. फुलझाडं मी वाढवली. अनंत, एक्झोरा, तगर, सोनटक्का, पेंटास, सदाफुली यांची रोपं घ्यायला लोक येतात आणि सोबत बागेतली गाऱ्हाणीही आणतात. त्यामुळे कुणाच्या परसात काय उडतं आणि कुणाच्या कुंडीत काय वळवळतं, हे मला बसल्या जागी कळतं.

आधी पक्ष्याचं बघू. हमिंगबर्डच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्या सगळ्या अमेरिकेच्या दोन्ही खंडांत राहतात, वर अलास्कापासून खाली दक्षिण टोकापर्यंत. आशियात एकही नाही. आपल्याकडे फुलातला मध पिणारे छोटे पक्षी म्हणजे शिंजीर. जांभळ्या पाठीचा शिंजीर आमच्या जास्वंदीवर रोज असतो. तो जेमतेम चार इंचांचा. त्याहून लहान फुलटोच्या. शिंजीर कधीमधी फुलासमोर क्षणभर पंख फडफडवत थांबतो खरा, पण त्याची रीत म्हणजे देठावर बसायचं, मान वाकवायची आणि वाकडी चोच फुलात घालायची. फुलामागून फूल तसंच अधांतरी राहून मध पिणारं, पंख दिसेनासे होतील इतक्या वेगाने हलवणारं आणि अंगठ्याएवढं काही आपल्या बागेत दिसलं, तर तो पतंगच.

खात्री करून घ्यायची असेल तर पेंटासच्या वाफ्याजवळ उन्हं वर यायच्या सुमाराला किंवा दिवस कलताना न हलता उभं राहा. पतंग एकदा येऊन गेला तरी पुन्हा येतो, घाई करू नका. डोक्यावर दोन जाडसर मिशा दिसतील, टोकाकडे आणखी जाड होत गेलेल्या. पक्ष्याला मिशा नसतात. तोंडापुढे लांब काळी सोंड दिसेल. फुलापासून फुलाकडे जाताना ती अर्धवट वळलेली असते आणि तो लांब उडून निघाला की घड्याळातल्या स्प्रिंगसारखी गुंडाळून हनुवटीखाली जाते. चोच अशी गुंडाळता येत नाही. शेपटाकडे काळ्या केसांचा झुबका असतो, तो पसरला की हुबेहूब पक्ष्याचं शेपूट वाटतं. लोक फसतात ते बहुधा या झुबक्यामुळेच. आणि पंख बघा. या जातीचे पंख पारदर्शक असतात, आरपार मागचं पान दिसतं, फक्त शिरा आणि कडा गडद. आपण छापलेल्या छायाचित्रातही उजव्या पंखातून मागची कळी दिसते आहे.

दुसरीही एक जात-मंडळी आपल्याकडे आहे, मॅक्रोग्लोसम. त्यांचे पंख पारदर्शक नसतात. पुढचे पंख राखाडी-तपकिरी, मागचे नारिंगी-पिवळट, उडताना मधूनच तो नारिंगी रंग लकाकतो. त्यांचाच एक भाईबंद युरोपात उन्हाळ्यात दक्षिणेकडून उडत उडत पार इंग्लंडपर्यंत जातो आणि तिथेही लोकांना आपल्या बागेत हमिंगबर्ड आल्यासारखं वाटतं. त्याचे पंख सेकंदाला सत्तर-ऐंशी वेळा हलतात असं मोजलं गेलं आहे. डोळ्यांनी ते मोजायचा प्रश्नच नाही, पण कान देऊन ऐकलंत तर बारीक घूं असा आवाज येतो.

ज्यांची गल्लत होते त्यांना कुणी हसू नये म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. हेन्री वॉल्टर बेट्स हा इंग्रज निसर्ग-अभ्यासक १८४८ पासून १८५९ पर्यंत ॲमेझॉनच्या खोऱ्यात राहिला. किड्यांच्या जगातल्या नकलेबद्दल त्याने जो विचार मांडला तो आजही त्याच्या नावाने शिकवतात. या माणसाने स्वतः लिहून ठेवलंय की, हमिंगबर्ड समजून त्याने कितीतरी वेळा पतंगावरच बंदूक झाडली आणि उडताना दोघांतला फरक ओळखायला त्याला बरेच दिवस लागले. तिथे तर दोघं एकाच फुलांवर येतात. पक्ष्याचा पतंग होतो आणि पतंगाचा पक्षी, असं तिथल्या लोकांचं ठाम म्हणणं होतं, तेही त्याने नोंदवलं आहे. तेव्हा कुडाळ-सावंतवाडीकडच्या माणसाने मोबाईलच्या पडद्यावर बघून पक्षी म्हटलं तर त्यात काही वावगं नाही.

या पतंगाने पक्ष्याची नक्कल केलेली नाही, हेही इथे सांगायला हवं. दोघांचं काम एक आहे. खोल नळीच्या फुलातला मध, फुलावर न बसता, हवेत तरंगत प्यायचा. ते काम करायला जे लागतं ते दोघांकडे आपापल्या वाटेने आलं: लांब तोंड, तगडे उड्डाणाचे स्नायू, एका जागी स्थिर राहायची ताकद, आणि सतत साखरेची भूक. पक्ष्याचं रक्त मुळातच गरम. पतंगाला मात्र उडण्याआधी छातीचे स्नायू थरथरवून अंग तापवावं लागतं. सकाळी लवकर पानावर बसलेला पतंग उगाचच थरथरताना दिसला तर तो आजारी नसतो, उडायची तयारी करत असतो. त्याला हात लावू नका, थोडा वेळ द्या.

आता मुख्य गोष्ट.

आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक मोबाईल पुढे करतं आणि म्हणतं, "बघ गो काकी, आमच्याकडे हमिंगबर्ड इलो हा!" सगळे कौतुकाने बघतात. मीही बघते. आणि कित्येकदा तोच माणूस त्याच फेरीत पुढे म्हणतो, "आणि अनंताक हिरवी शिंगवाली अळी पडली हा, फवारूक काय तरी दी." ही दोन वाक्यं एकाच जिवाबद्दलची आहेत. अनंताची पानं खाणारी ती शिंगवाली हिरवी अळी म्हणजे या पतंगाचं बाळपण. मादी अनंताच्या कोवळ्या फुटीवर एकेक अंडं सुटं घालत जाते. ज्या घरी अनंत आहे आणि त्यावर अळी वाढू दिली आहे, त्या घरच्या पेंटासवर हा 'हमिंगबर्ड' येण्याचा संभव सगळ्यात जास्त.

अळी नीट पाहिलीत का कधी? पूर्ण वाढली की हाताच्या मधल्या बोटाच्या आसपास होते. रंग अनंताच्या पानाचाच. पाठीच्या दोन्ही कडांनी डोक्यापासून शेपटापर्यंत एकेक फिकट रेघ. अंगाच्या बाजूला ओळीने बारीक छिद्रं असतात, ती तिची श्वास घ्यायची भोकं, त्यांच्याभोवती तांबूस कडी. आणि शेवटी ते शिंग, मागे वळलेलं. लोकांना भीती त्या शिंगाची वाटते. मी ते बोटाने दाबून दाखवते. मऊ असतं. त्यात काटा नाही, विष नाही, ते टोचत नाही. अंगावर केसही नाहीत. सुरवंटाने जशा गांधी उठतात तसं या अळीने काहीही होत नाही. शाळकरी मुलांच्या तळहातावर मी तिला चालवते, मुलं आधी किंचाळतात आणि मग सोडायला तयार होत नाहीत. कधी कधी हीच अळी जवळजवळ काळी असते. ती वेगळी जात नव्हे, त्याच अळीचा दुसरा रंग आहे.

पानाच्या खालच्या अंगाला मधल्या शिरेला धरून ती अशी लांबट बसते की समोर असून दिसत नाही. शोधायची तर वर बघू नका, खाली बघा. कुंडीखालच्या फरशीवर गडद हिरव्या, उभ्या खाचा असलेल्या लेंड्या पडलेल्या दिसतील. त्यांच्या बरोबर वरच्या फांदीवर ती असते.

खाऊन झालं की अळीचा रंग मळतो, ती बेचैन होते, झाड सोडून खाली उतरते आणि जमिनीवर भराभर चालत सुटते. लोक म्हणतात, अळी आता घरात शिरणार. ती पालापाचोळा शोधत असते. सुकलेल्या पानांच्या थरात शिरून चार पानं विरळ रेशमाने जोडते आणि आत कोष करते. तपकिरी रंगाचा, टोकदार शेपटाचा कोष. पावसाळ्याच्या ऊबदार दिवसांत पंधरवड्याच्या आसपास त्यातून पतंग बाहेर पडतो.

असे कोष मी मातीच्या पसरट कुंडीत पाचोळ्यासकट ठेवते, वर मच्छरदाणीचं कापड बांधते, आत एक आडवीतिडवी काठी उभी करते. पतंग बाहेर पडतो तेव्हा ओला आणि चुरगळलेला असतो. काठीवर चढतो, उलटा लटकतो, पंख हळूहळू उलगडतात. त्याची सोंड तेव्हा दोन वेगवेगळ्या अर्ध्या पन्हळींची असते. तो ती पुन्हा पुन्हा गुंडाळतो, सोडतो, गुंडाळतो, आणि दोन्ही पन्हळी एकमेकींना जुळून तिची नळी होते. ही जुळणी फसली तर तो मध पिऊ शकत नाही. म्हणून त्या वेळी त्याला अजिबात हलवायचं नाही. आणि यानंतरची गोष्ट मी किती जणांना बोलावून दाखवली असेल! नुकत्याच उलगडलेल्या पंखांवर राखाडी पूड असते, पंख अजिबात पारदर्शक नसतात. मग तो थरथरायला लागतो. पंख वेगाने हलतात आणि ती पूड झडून जाते, मच्छरदाणीच्या आतल्या बाजूला तिचा थर बसलेला बोटाला लागतो. त्यानंतर पंखांतून पलीकडचं कापड दिसायला लागतं. हे पाहिलेल्या एकाही माणसाने मला पुन्हा फवारणीचं औषध मागितलेलं नाही.

म्हणूनच आपल्या दैनिकाच्या बागकामाच्या सदराबद्दल माझी तक्रार आहे. अनंतावर हिरवी शिंगवाली अळी दिसताच आंतरप्रवाही कीटकनाशक फवारा असा सल्ला त्यात दिला होता. सदर लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार, झाड वाचावं एवढाच. पण आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात जातं, पानापानांत भिनतं आणि फुलातल्या मधापर्यंतही पोचू शकतं. परसातल्या चार झाडांवर ते मारायचं कारण काय? अनंताचं जमिनीत लावलेलं, कमरेच्या वर गेलेलं झाड असेल तर अळ्यांनी अर्धी पानं खाल्ली तरी ते पुन्हा फुटतं, आणि चांगलं भरघोस फुटतं. आमच्या बांधावरची झाडं दर पावसाळ्यात खाल्ली जातात आणि दर वर्षी फुलतात. काळजी घ्यायची ती लहान रोपांची. कुंडीत वीतभर अनंत असेल तर एक अळीही त्याचा खराटा करते, हे खरं आहे. तिथे पान कापून अळीसकट उचला आणि मोठ्या झाडावर ठेवा. मोठं झाड नसेल तर आसपास गेळ किंवा कळंब असेल, ही झाडं अनंताच्याच कुळातली, त्यांची पानंही ही अळी खाते. कॉफीही त्याच कुळातली, त्यामुळे कॉफीच्या मळ्यांत हिची नोंद कीड म्हणून झाली आहे. मळेवाल्याने काय करावं हा वेगळा प्रश्न. मी परसबागेबद्दल बोलते आहे, जिथे कुणाचं पोट अनंताच्या पानांवर नाही.

बरेच लोक म्हणतात, आम्ही विषारी काही मारत नाही, फक्त निंबोळी अर्क मारतो. निंबोळी अर्क माणसाला आणि गुराला सौम्य आहे, अळीला नाही. त्यातला घटक अळीची कात टाकण्याची क्रियाच बिघडवतो. अळी लगेच मरत नाही म्हणून आपल्याला वाटतं काही झालं नाही, पण ती पुढच्या अवस्थेत जाऊ शकत नाही आणि संपते. भाजीवर मावा-तुडतुड्यांसाठी निंबोळी जरूर वापरा, मीही वापरते. अनंतावर मारू नका.

आणि सगळ्या अळ्यांचे पतंग होतील, बाग फस्त होईल, ही भीती बाळगू नका. अळ्यांमागे टपलेले पुष्कळ आहेत. शिंपी, बुलबुल, दयाळ, पावशा हे सगळे अळ्या उचलतात. काही अळ्यांच्या अंगावर पांढरे तांदळाएवढे कोष दिसतात, ती अळीची अंडी नसतात, ते तिला आतून खाऊन बाहेर पडलेल्या बारीक गांधीलमाश्यांचे कोष असतात. असल्या अळीला वाचवता येत नाही, पण त्या माश्या पुढच्या अळ्यांची संख्या आवाक्यात ठेवतात. फवारणीत सगळ्यात आधी मरतात त्या या माश्या. शिवाय, मघाशी सांगितलेला खराखुरा पक्षी, शिंजीर, तो मध पितो, पण पिल्लांना किडे आणि कोळी भरवतो. म्हणजे फवारणीने पतंग तर जातोच, पक्ष्याच्या पिल्लाचाही घास जातो.

आणखी एक धोका आहे, आणि तो आत्ता या दिवसांतला आहे. श्रावण लागला. आता घरोघर गणपतीच्या आधीची बेणणी सुरू होईल. मुंबईचे चाकरमानी येणार म्हणून परडं साफ करायचं, झाडांखालचा सगळा पाचोळा ओढून ढीग करायचा आणि उघडीप मिळाली की पेटवून द्यायचा, ही आपली पद्धत. खळं स्वच्छ हवंच, कुणी नको म्हणत नाही. पण अनंताखालचा, बांधाकडेचा, कुणाच्या पायात न येणारा पाचोळा तिथेच राहू द्या. त्यात कोष असतात. ओढायचाच असेल तर माडाच्या आळ्यात टाका, पेटवू नका. माडाला ओल धरून ठेवायला तो लागतोच.

कुणी विचारेल, एका पतंगासाठी एवढं कशाला? त्याचं भाग्य की तो देखणा आहे, म्हणून त्याची छायाचित्रं निघतात. पण त्याच्या कुळातले बाकीचे संध्याकाळी आणि रात्री काम करतात आणि कुणाला दिसत नाहीत. पपई लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. पपईच्या बऱ्याच जातींत नर आणि मादी झाडं वेगळी असतात, तेव्हा एकाचा पराग दुसऱ्यापर्यंत कुणीतरी न्यावा लागतो. पूर्व आफ्रिकेत केनियातल्या पपईच्या बागांत अभ्यास झाला तेव्हा हे काम मुख्यतः हॉक मॉथ करतात असं दिसून आलं. पपईचं फूल बघा, फिकट, नळीचं, संध्याकाळी वास सुटणारं. ते अशाच पाहुण्यासाठी आहे. तगरीवर आणि कण्हेरीवर जी मोठी हिरवी, डोळ्यासारखे निळे ठिपके असलेली अळी सापडते, तीही याच कुळातली. अळूच्या पानावर आणि तेरड्यावर शेपटाला शिंग असलेली अळी असते तीही. अळूवडीला पानं काढताना ती दिसली तर दोन पानं तिला ठेवली म्हणून वड्या कमी पडत नाहीत.

आपल्या भागाचा या अळ्यांशी जुना संबंध आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. खाली कारवारला टॉमस बेल नावाचे वनाधिकारी होते. कलेक्टर डेव्हिडसन आणि मीठ-जकात खात्यातले एटकिन हे त्यांचे सोबती. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांतले एक ते हेच एटकिन. ही मंडळी नुसती पकडलेल्या पाखरांना टाचण्या टोचत बसली नाहीत. अळ्या आणून घरात वाढवायच्या, कोणती अळी कोणत्या झाडाची पानं खाते ते लिहायचं, पतंग किंवा फुलपाखरू बाहेर पडेपर्यंत वाट बघायची. भारतातल्या हॉक मॉथवरचा जो मोठा ग्रंथ १९३७ साली निघाला तो बेल आणि स्कॉट यांचा. त्यात अळी, कोष आणि खाद्यझाडं यांची इतकी तपशीलवार वर्णनं आहेत ती कारवारच्या आसपासच्या रानांत आणि घरातल्या पेट्यांत वाढवलेल्या अळ्यांमुळे. आमच्या आणि कारवारच्या मध्ये फक्त गोवा. झाडं तीच, पाऊस तोच. शाळांतल्या शिक्षकांनी मनावर घेतलं तर एका काचेच्या बरणीत, जाळीच्या झाकणाखाली, हाच अभ्यास कुठलाही सहावीचा वर्ग करू शकतो. रोज ताजं पान घालायचं, लेंड्या काढायच्या, वही लिहायची. अनंताच्या फांद्या मी फुकट देईन, कुठल्याही शाळेने माणूस पाठवावा.

२०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉन म्हणजे राणी पाकोळीला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारं आपलं राज्य देशात पहिलं. तिची अळी लिंबाच्या आणि महाळुंगाच्या कुळातल्या झाडांची पानं खाते. त्याच लिंबाच्या रोपावरच्या अळीसाठी औषध मागायला दर आठवड्याला कुणी ना कुणी येतं. मान फुलपाखराला द्यायचा आणि अळीला फवारा, हे चालू आहे ते केवळ दोघी एकच आहेत हे कुणी सांगत नाही म्हणून. सांगितलं की माणसं ऐकतात, हा माझा रोजचा अनुभव आहे. आमच्या बांधावर अनंताची मोठी झाडं मी मुद्दाम ठेवली आहेत. गिऱ्हाईकं डब्यात, पिशवीत घालून अळ्या आणतात आणि तिथे सोडून जातात. काही जण पुढच्या फेरीत 'माझी अळी खंय गेली' म्हणून बघायला येतात.

संपादक महाशय, आपल्याकडे तीन गोष्टी मागते. पहिली, त्या छायाचित्राची ओळ पुढच्या रविवारी दुरुस्त करून छापा, आणि छायाचित्र पुन्हा छापा, कारण ते छापण्यासारखंच आहे. दुसरी, बागकामाच्या सदरात अनंतावरच्या अळीबद्दलचा सल्ला बदला: मोठ्या झाडावर असेल तर राहू द्या, लहान रोपावर असेल तर हलवा, फवारू नका. हे बेणणीच्या आधी यायला हवं, नंतर येऊन उपयोग नाही. तिसरी, वाचकांना आवाहन करा की, पतंगाचं छायाचित्र पाठवताना बागेत अनंत असेल तर त्यावरच्या अळीचंही पाठवा, जागेचं नाव आणि तारखेसह. दोन्ही शेजारी शेजारी छापा. छायाचित्रं कमी पडली तर आमच्या बांधावर या. आत्ता पालवी कोवळी आहे आणि खालच्या पानांवर अळ्या आहेत.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक रोपवाटिकाचालक
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग